अडीच इंची वीरगळ



इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख, सनदा आणि जुनी दप्तरे यांचीच रांग आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. आज ज्या साधनाविषयी मी बोलणार आहे, त्याला या रांगेत जागा द्यायला पुष्कळांना संकोच वाटेल. ते साधन म्हणजे पुठ्ठ्याचे एक कार्ड. रुंदी अडीच इंच, उंची साडेतीन इंच. पुढच्या बाजूस एका खेळाडूचे चित्र आणि मागच्या बाजूस बारीक टाइपात त्याचे नाव, गाव, जन्मतारीख व वर्षवार कामगिरीचे आकडे. अमेरिकेत बेसबॉल हा जो लोकप्रिय खेळ आहे, त्याच्या खेळाडूंची अशी कार्डे एकोणिसाव्या शतकापासून छापली जात आहेत. ती बहुतेक कंपन्यांनी काढलेली असतात. परंतु काही हौशी लोक आपल्या आवडत्या खेळाडूचे कार्ड स्वतःच तयार करतात. कंपनीने ज्याचे कार्ड काढले नाही, अथवा काढले ते अपुरे काढले, त्याची उणीव त्यांना भरून काढायची असते. जुने छायाचित्र शोधायचे, जुन्या धर्तीची चौकट आखायची, आणि कार्ड उलटे करून मागची बाजू लिहायला बसायचे. येथपर्यंत ही करमणूक असते. मागची बाजू लिहायला घेतली की मात्र या गृहस्थाला नकळत इतिहासकार व्हावे लागते.

आपण असेच एक कार्ड तयार करू या. ज्याचे करायचे त्याचे नाव लिरॉय रॉबर्ट पेज. सारे जग त्याला सॅचेल पेज म्हणून ओळखते. बेसबॉलच्या इतिहासातील थोर चेंडूफेक्यांत त्याची गणना होते. कार्डाच्या मागे काय छापावे, एवढाच आपला प्रश्न आहे. उत्तर शोधू लागलो म्हणजे मात्र एका समाजाने दुसऱ्या समाजाचा पराक्रम कसा नोंदवला आणि कसा नोंदवला नाही, याची सारी हकीकत उलगडावी लागते.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू, आणि सामना नऊ डावांचा. चेंडू टाकणारा तो पिचर. आपला गोलंदाज धावत येऊन टप्पा टाकतो. पिचर साठ फूट सहा इंचांवरून, धाव न घेता, चेंडू टप्पा न पाडता थेट फलंदाजाकडे फेकतो. योग्य पट्ट्यातून गेलेले किंवा फलंदाजाने हुकवलेले तीन चेंडू झाले की तो बाद. संघाच्या जयापजयाचा शेराही पिचरच्या नावावर मांडला जातो. ‘अमक्याचे इतके विजय, इतके पराभव’ अशी ती नोंद असते, आणि नऊ डावांमागे त्याने सरासरी किती धावा दिल्या हा दुसरा आकडा. या खेळात आकड्यांना विलक्षण प्रतिष्ठा आहे. कीर्तनकाराला अभंग पाठ असावेत तसे तेथल्या शाळकरी पोरांना हे आकडे तोंडपाठ असतात, आणि ते पाठ झाले मुख्यतः या कार्डांवरून.

या कार्डांचा जन्म तंबाखूच्या दुकानात झाला. १८८६-८७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची छायाचित्रे घालण्यास आरंभ केला. मऊ पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालावाच लागे. त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येईल, हा व्यापारी हिशेब. इंग्लंडातही विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंची अशीच मालिका काढली. पुढे १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने पाचशेहून अधिक कार्डांची एक प्रसिद्ध मालिका काढली. तीतील होनस वॅग्नर या खेळाडूचे एक कार्ड २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरांना विकले गेले, यावरून या पुठ्ठ्याला पुढे काय मोल आले याची कल्पना येईल. १९३३ साली बॉस्टनच्या गाउडी कंपनीने २४० कार्डांचा संच च्युइंगगमबरोबर दिला, आणि कार्डांचा गिऱ्हाईक मोठ्या माणसांवरून मुलांवर आला. युद्धानंतर लीफ, बोमन व टॉप्स या कंपन्या पुढे आल्या. टॉप्सने १९५२ साली आकडेवारीसह जो आराखडा ठरवला तोच पुढे रूढ झाला.

ही क्षुद्र वस्तू इतिहासाच्या साधनात जमा केली ती जेफर्सन बर्डिक या मनुष्याने. हा सिराक्यूस गावचा एक साधा नोकरदार. संधिवाताने बोटे आखडलेली. तरी त्याने तीन लाखांहून अधिक छापील चित्रे व कार्डे जमवली, त्यांची वर्गवारी करून सूची प्रसिद्ध केली, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयाला सारा संग्रह दान केला. तेथे बसून वर्षानुवर्षे तो ती कार्डे वह्यांत चिकटवीत होता. १९६३ च्या जानेवारीत काम पुरे झाले आणि दोन महिन्यांनी तो वारला. आपल्याकडेही दप्तरे सांभाळण्यात आयुष्ये घालवलेली माणसे होऊन गेली. त्यांच्या पंक्तीला बसावा असाच हा गृहस्थ.

आता या हजारो कार्डांकडे पाहू लागलो की एक गोष्ट ध्यानात येते. १९०९ च्या त्या पाचशेत, किंवा १९३३ च्या त्या दोनशेचाळीसांत, एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. कृष्णवर्णीय लोक बेसबॉल खेळत नव्हते की काय? खेळत होते, आणि उत्तम खेळत होते. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा १८८४ साली टोलेडोच्या संघातून वरच्या श्रेणीत खेळला होता. परंतु त्याच दशकात संघमालकांनी आपसांत ठरवून दारे लावून घेतली. याचा लेखी नियम कधी झाला नाही. सर्वांनी पाळायचा, परंतु कोणी कागदावर लिहायचा नाही, असा हा संकेत होता. आणि असे संकेत किती चिवट असतात हे आपल्या देशातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

तेव्हा कृष्णवर्णीयांनी आपले निराळे संघ उभारले. १९२० च्या फेब्रुवारीत रूब फॉस्टर याच्या पुढाकाराने कॅन्सस सिटी येथे ‘निग्रो नॅशनल लीग’ स्थापन झाली. निग्रो हा शब्द आज तेथे कोणी वापरत नाही, तरी या संघटनांचे ऐतिहासिक नाव तेच राहिले आहे. लीगच्या सामन्यांची वेळापत्रके अपुरी, मैदाने बहुधा भाड्याची. पुष्कळ हॉटेलांत जेवण मिळायचे नाही, रात्र मोटारीतच काढायची. या लीगचे सामने थोडे असत आणि पोट त्यांवर भरत नसे, म्हणून हे संघ गावोगाव फिरून जो भेटेल त्याच्याशी खेळत. आपल्याकडील तमाशाचा फड जसा जत्रेमागून जत्रा गाठीत जातो, तसे हे खेळाडूंचे फड.

अशा काळात पेज जन्मला. ७ जुलै १९०६ रोजी, अलाबामा संस्थानातील मोबिल या बंदराच्या गावी. घरी दारिद्र्य. पोरवयात तो रेल्वे स्टेशनवर उतारूंच्या पिशव्या वाहून पैसे मिळवी; सॅचेल म्हणजे हातपिशवी, आणि त्यावरूनच हे टोपणनाव पडले असे तो सांगे. वयाच्या बाराव्या वर्षी भुरटी चोरी आणि शाळेला दांडी यांपायी त्याला माउंट मेग्ज येथील सुधारगृहात धाडण्यात आले. तेथे सुमारे पाच वर्षे तो राहिला आणि तेथेच चेंडूफेक शिकला. १९२६ साली चॅटनूगाच्या संघातून त्याने धंदेवाईक खेळास आरंभ केला. पुढे बर्मिंगहॅम, मग पिट्सबर्गचा ‘क्रॉफर्ड्स’ संघ. ४ जुलै १९३४ रोजी होमस्टेड ग्रेज या बलाढ्य संघाविरुद्ध त्याने सतरा फलंदाज तीन चेंडूंच्या नियमाने बाद केले, आणि साऱ्या सामन्यात एकालाही सरळ फटक्याने पहिला टप्पा गाठू दिला नाही.

त्याची फेक जशी वेगवान तशीच अचूक. सरावाच्या वेळी च्युइंगगमचा कागद जमिनीवर ठेवून तो त्यावरून चेंडू फेकी, असे सांगतात. हात उगारून मध्येच क्षणभर थांबायचे आणि फलंदाजाचा तोल गेला की चेंडू सोडायचा, ही त्याची खास लकब. स्वभावाने मात्र तो कोणाच्या दावणीला बांधून राहणारा नव्हता. जो अधिक पैसे देईल त्याच्याकडे जाई. १९३५ साली दूर उत्तरेकडच्या बिस्मार्क गावात गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र संघातून खेळून त्याने त्या संघाला विचिटा येथील राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. १९३७ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा ट्रुहियो याच्या नावाच्या संघासाठी तो खेळला. १९३८ साली मेक्सिकोत त्याचा हात इतका दुखावला की आता हा मनुष्य संपला असे सर्वांना वाटले. परंतु कॅन्सस सिटी मोनार्क्सचा मालक विल्किन्सन याने त्याला आपल्या दुय्यम संघात ठेवून घेतले, आणि हात पुन्हा चालू लागला. लगेच पोर्टोरिकोच्या १९३९-४० च्या हंगामात त्याने एकोणीस सामने जिंकले. १९४२ साली मोनार्क्सने होमस्टेड ग्रेजला चारही सामन्यांत हरवून निग्रो लीगचे अजिंक्यपद मिळवले, त्यात त्याचा मोठा वाटा होता.

हंगाम सरला की गोऱ्या लीगमधील नामांकित खेळाडूंशी प्रदर्शनाचे सामने होत. १९३४ साली डिझी डीन, १९४६ साली बॉब फेलर, अशा त्या काळच्या अव्वल पिचरांशी त्याने सामने दिले. म्हणजे ज्यांच्या शेजारी बसून खेळण्यास त्याला मनाई होती, त्यांच्या समोर उभे राहून खेळण्यास मनाई नव्हती. कारण तिकिटे खपत होती!

१९४७ च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि तो अलिखित संकेत मोडला. रॉबिन्सन हा मोनार्क्समध्ये पेजचाच कनिष्ठ सहकारी. आपण पहिले झालो नाही हे शल्य पेजला होते आणि ते त्याने लपवले नाही. त्याची पाळी आली ती ७ जुलै १९४८ रोजी. त्या दिवशी त्याला बेचाळीस वर्षे पुरी झाली होती, आणि त्याच दिवशी तेव्हाच्या क्लीव्हलंड इंडियन्स संघाचा मालक बिल व्हीक याने त्याला करारबद्ध केले. एका वजनदार क्रीडापत्राच्या संपादकाने, हा जाहिरातीचा चाळा असून खेळाला हीनपणा आणणारा आहे, असे ठणकावले. उत्तर पेजच्या हाताने दिले. त्या उरलेल्या हंगामात सहा विजय, एक पराभव. २० ऑगस्टच्या रात्री त्याची फेक पाहायला क्लीव्हलंडच्या मैदानावर ७८,३८२ माणसे लोटली. त्या वर्षी क्लीव्हलंडने जागतिक मालिका जिंकली आणि तीत चेंडू टाकणारा पहिला कृष्णवर्णीय पिचर म्हणून पेजची नोंद झाली.

आणि आता कार्ड निघाले. लीफ कंपनीचे १९४८-४९ च्या मालिकेत, बोमनचे १९४९ साली, टॉप्सचे १९५३ साली. या तिसऱ्या कार्डावर त्याचे रंगवलेले चित्र आहे, परंतु नावाच्या स्पेलिंगात एक ‘एल’ जास्तीचा पडला आहे. ती चूक सोडून देऊ. विचार करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. १९२६ ते १९४७ या बावीस वर्षांत, म्हणजे त्याच्या हाताच्या ऐन भरात, अमेरिकेतील एकाही मोठ्या कंपनीने त्याचे कार्ड काढले नाही. कार्डे निघाली ती बेचाळिशी उलटल्यावरची. एखाद्या थोर गवयाची ध्वनिमुद्रिका तो म्हातारा होऊन आवाज बसल्यावर पहिल्यांदा काढावी, तसा हा प्रकार.

पुढची कहाणी थोडक्यात सांगतो. १९५२ व १९५३ साली सेंट लुईसकडून खेळताना निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात त्याची निवड झाली. २५ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून तो बॉस्टनविरुद्ध तीन डाव खेळला आणि एकही धाव दिली नाही. मालकाने गंमत म्हणून त्याच्यासाठी मैदानालगत झुलती खुर्ची आणि परिचारिका ठेवली होती. १९६८ साली निवृत्तिवेतनाला काही दिवसांची नोकरी कमी पडते असे दिसले, तेव्हा अटलांटाच्या संघाने त्याला शिक्षक म्हणून कामावर घेतले. बावीस वर्षे दाराबाहेर ठेवायचे आणि मग नोकरीचे दिवस कमी भरतात म्हणायचे, असा हा हिशेब होता. १९७१ साली कूपर्सटाऊन येथील कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. प्रथम निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी निराळे दालन करण्याचा विचार जाहीर झाला. त्यावर इतका गहजब उडाला की तो बेत सोडून त्याला इतरांच्या बरोबरीने स्थान द्यावे लागले. ८ जून १९८२ रोजी कॅन्सस सिटी येथे तो वारला.

आता आपल्या कार्डाची मागची बाजू लिहू. अधिकृत लीगच्या जुन्या नोंदीप्रमाणे पेजचा आयुष्याचा हिशेब असा : विजय २८, पराभव ३१, डाव ४७६, तीन चेंडूंनी बाद केलेले फलंदाज २८८, नऊ डावांमागे दिलेल्या धावा ३.२९. हे आकडे निखालस खरे आहेत. एकेका सामन्याचा कागद त्यांना आहे. आणि तरी कार्डावर एवढेच छापले तर वाचणाऱ्याला काय वाटेल? जिंकण्यापेक्षा अधिक हरलेला एक सामान्य पिचर, असेच वाटेल. प्रत्येक आकडा खरा असून सबंध चित्र खोटे, असे होऊ शकते ते येथे दिसते.

दुसऱ्या बाजूला पेजचे स्वतःचे कथन आहे. आपण सुमारे अडीच हजार सामन्यांत चेंडू टाकला आणि दोन हजार जिंकले, असे तो म्हणे. त्याची आत्मकथा १९६२ साली प्रसिद्ध झाली, तीही अशाच चटकदार हकीकतींनी भरलेली आहे. १९४२ च्या मालिकेतील एक प्रसंग तर सर्वतोमुखी आहे. फटकेबाज जॉश गिब्सन याची पाळी यावी म्हणून पेजने आधीच्या फलंदाजांना मुद्दाम पुढे जाऊ दिले आणि मग भरल्या मैदानात गिब्सनला तीन चेंडूंत बाद केले, असे सांगतात. गिब्सन बाद झाला हे खरे. परंतु त्या दिवसांच्या वृत्तपत्रांतील हकीकत या दंतकथेशी तंतोतंत जुळत नाही.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना ही अडचण नवी नाही. बखर आणि अस्सल कागद यांचा वाद आपण इतिहासाचार्य राजवाडे यांच्या काळापासून ऐकत आलो आहोत. बखरकार रंगवून सांगतो, संख्या फुगवतो, प्रसंग नाट्यमय करतो. म्हणून अस्सल पत्र हाती घ्यावे, हा धडा आपण शिकलो. परंतु त्या धड्याला एक पुरवणी जोडली पाहिजे. कागद कोणाच्या कचेरीत लिहिले गेले, हेही विचारले पाहिजे. ज्याचे दप्तर ठेवणारा कारकून होता त्याचे कागद उरले. ज्याला कचेरीचे दारच बंद होते त्याची बखर तेवढी उरली. कागद नाही म्हणून पराक्रम झालाच नाही असे म्हणणे ही इतिहासाची शिस्त ठरत नाही. तो दाराबाहेर ठेवण्याचाच दुसरा हप्ता ठरतो.

यातून मार्ग काढला तो कष्टाळू संशोधकांनी. रॉबर्ट पीटर्सन यांचा ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ हा ग्रंथ १९७० साली आला आणि या विस्मृत खेळाडूंकडे लक्ष वेधले. पुढे अनेकांनी ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कूरियर’ यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांचे जुने अंक चाळून, एकेका सामन्याचा धावफलक टिपून, आकड्यांची जुळणी केली. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना बरोबरीचा दर्जा दिला, आणि मे २०२४ मध्ये त्यांतील २,३०० हून अधिक खेळाडूंचे उपलब्ध आकडे अधिकृत नोंदवहीत सामील केले. त्या दिवशी आयुष्याच्या फलंदाजी सरासरीत सर्वांच्या वर नाव लागले ते जॉश गिब्सनचे. तो १९४७ च्या जानेवारीत, रॉबिन्सन मैदानात उतरण्यापूर्वी तीन महिने, मरण पावला होता.

या कामातही हौशी कार्डकर्त्यांचा वाटा आहे. १९७४ साली लाफलिन या व्यंगचित्रकाराने जुन्या कृष्णवर्णीय खेळाडूंची छत्तीस कार्डे स्वतः चितारून काढली. मोठ्या कंपन्यांना तेव्हा त्या नावांत गिऱ्हाईक दिसत नव्हते. नोंदवहीने दखल घेण्यापूर्वी सेहेचाळीस वर्षे एका चित्रकाराने ती आपल्या लेखणीने घेतली होती.

मग आपल्या कार्डावर काय छापावे? माझे मत असे की तीन ओळी छापाव्यात. पहिलीत अधिकृत लीगचे जुने आकडे. दुसरीत निग्रो लीगच्या सामन्यांचे आजवर सिद्ध झालेले आकडे, आणि ते अपुरे आहेत असा स्पष्ट शेरा. कारण पुष्कळ सामन्यांचे धावफलक अद्याप सापडलेले नाहीत. तिसऱ्या ओळीत गावोगावच्या फिरत्या सामन्यांची नोंद. तेथे आकड्याची जागा कोरी ठेवावी. प्रेमापोटी तेथे दोन हजार हा आकडा भरण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. पेजवर एक अन्याय झाला म्हणून त्याच्या नावावर एक असत्य चढवले, तर उद्या कोणी ते असत्य दाखवून अन्यायही खोटाच होता असे म्हणेल. कोरी जागा मात्र कोणाला खोडता येत नाही. ती पाहणारा मुलगा आपल्या बापाला विचारील की येथे आकडा का नाही. आणि त्या प्रश्नाचे उत्तर देताना बापाला सारा इतिहास सांगावा लागेल.

आपल्या गावांच्या वेशीवर वीरगळ उभे असतात. लढून पडलेला वीर खालच्या चौकटीत, स्वर्गाला जाणारा वरच्या चौकटीत, वर चंद्र-सूर्य. पुष्कळांवर नावच नाही. कोण होता, कोणाशी लढला, कोणास ठाऊक; तरी गाव तो दगड काढून टाकीत नाही, सणावारी त्याला शेंदूर लावतो. पुठ्ठ्याचे कार्ड ही त्या देशातील तशीच एक शिळा आहे. तिच्यावर नाव नीट, एका ‘एल’चे, लिहावे; जे ठाऊक आहे ते अचूक लिहावे; आणि जे लिहू दिले गेले नाही त्याची जागा मोकळी राखावी.